चेंबर आणि म्हसोबा

मी सांगेन त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, असं मी आमच्या जावयाला आधीच बजावलं होतं.

संग्राम त्या दिवशी त्याची नवी पिकअप घेऊन आला होता. पुण्याच्या कुठल्याशा दुकानातून तयार सामान आणून त्यानं तिचं नाक उचलून घेतलं होतं, आणि मला अंगणात उकिडवं बसवून तो खालून एकेक नट दाखवत होता. गाडी उंच झाली होती, खोटं कशाला बोलू. पण सकाळी सोडली आणि दुपारी उंच होऊन मिळाली म्हणे. म्हणजे लग्न न करता थेट बारशालाच जाऊन बसण्यातला प्रकार.

"मामा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं," तो म्हणाला.

माझं डोकं सटकलं. त्याला हाताला धरून ओट्यावर आणून बसवलं. आत उंबऱ्याशी मालन, माझी बायको, पुढ्यात सूप घेऊन मिरच्यांची देठं काढत होती. तिची पाठ आमच्याकडे होती. ही गोष्ट तिनं इतक्या वेळा ऐकली होती की तोंड वळवायचं तिला काही कारण नव्हतं.

"जावईबापू, आमच्या वेळी काय होतं ते ऐका," मी म्हणालो. आणि सुरू केलं.

तेव्हा माझ्याकडे तिसऱ्या हातातली पिकअप होती. पहिल्या मालकानं तिच्यातून वाळू वाहिली, दुसऱ्यानं गूळ, आणि माझ्याकडे आली तेव्हा ती पुढून इतकी बसली होती की समोरून बघणाऱ्याला वाटावं, गाडीचं काहीतरी पडलंय आणि ती ते हुडकतेय. त्या गाड्यांना पुढंही पाटे असायचे. लोखंडाच्या पट्ट्या एकीवर एक बांधून केलेली कमान, तिच्यावर सगळा भार. कमान बसली की इंजिन खाली, आणि इंजिनाच्या पोटाला तेलाचं भांडं असतं ते सगळ्यांत खाली. त्याला आम्ही चेंबर म्हणतो. चेंबर फुटलं की तेल गेलं, तेल गेलं की इंजिन गेलं, आणि इंजिन गेलं की माणसानं गाडीच्या बाजूला बसून विडी ओढायची. दुसरं काही करता येत नाही.

आमचं गाव नदीकाठी, आणि डोक्यावर सड्याला, म्हणजे डोंगरावरच्या पठाराला, सडेवाडी. तिथून बाजाराला हिरडा घेऊन एक पोरगी उतरायची. व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव तिला कधी पटायचा नाही. ती तोंडानं काही बोलायची नाही, नुसतं पोतं परत डोक्यावर घेऊन चालू लागायची, आणि व्यापारी मागून चप्पल हातात घेऊन पळायचा. मी तिला बाजारातून चढाच्या पायथ्याशी सोडायला लागलो. जाता जाता काय बोलणं व्हायचं ते जावयाला सांगायचं नसतं. एकदा मी म्हणालो की आज दारापर्यंत सोडतो, तर ती गाडीतून उतरत म्हणाली,

"तुमची गाडी म्हसोबापातूर येती. आमची वाडी म्हसोबाच्या पल्याड हाय."

हा म्हसोबा म्हणजे चढाच्या शेवटच्या वळणावर, बैलगाडीच्या वाटेच्या ऐन मध्यावर निम्मा जमिनीत रुतलेला शेंदूर लावलेला धोंडा. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला दरी. बैलगाडीचा आस उंच, ती त्याच्यावरून नमस्कार करून निघून जायची. चारचाकी आली की म्हसोबा तिचं चेंबर धरायचा. धोंड्याच्या दोन्ही बाजूंना दगड रचून चाकं वर घ्यावीत म्हणाल, तर दरीच्या अंगाचा दगड चाकाखालून निसटून जायचा तो खाली ओढ्यात जाऊन आवाज द्यायचा. ते मी करून पाहिलं होतं. तो आवाज अजून कानात आहे.

मागणी घालायला मी पायीच गेलो. मालनचा बाप केरबा शेलार हा कमी बोलणारा माणूस. गुळाचा चहा संपेपर्यंत गप्प बसला, मग कप पालथा घालून म्हणाला,

"हिच्या आईला डोलीतनं खाली न्हेत हुतो. खाली जीप हुबी हुती, पर जीपवाला वर यीना. ती म्हसोबापाशीच गेली."

मी मान खाली घातली.

"ज्याची गाडी माझ्या दारात हुबी ऱ्हाईल, त्याला पोरगी दीन. डोलीत घालायची वेळ आली तर पोरगी कुणाला कशाला द्यायची."

मी विचारलं की तो धोंडाच उचलून बाजूला का बसवत नाही. तर म्हणाला, देवाला हात लावायचा म्हणजे कौल पाहिजे. धोंड्याच्या दोन्ही खांद्यांवर ओलं फूल चिकटवायचं आणि विचारायचं. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्याच्या आज्यानं विचारलं, बापानं विचारलं, बायको गेल्यावर त्यानं स्वतः विचारलं. म्हसोबा प्रत्येक वेळी डावा.

आणि यात्रेला तारळ्याचे पाहुणे मालनला बघायला येणार होते. त्यांचा ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरला चेंबरची काळजी नसते. तो म्हसोबावरून गाणं वाजवत जातो.

निघताना मालन वळणापर्यंत आली. करवंदीची एक फांदी तिनं विळ्यानं तोडली, धोंड्याला लावून बरोबर त्याच्या उंचीची कापली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, ही चेंबरखालनं उभी गेली की या. यात्रेच्या आत या.

ती काठी घेऊन मी कऱ्हाडला गेलो. पहिल्या गॅरेजवाल्यानं नवे पाटे, नवे शॉकअप, नवे बुश असं करत करत जो आकडा सांगितला, त्यात मला तशीच दुसरी गाडी आली असती. मग मी नाक्यावरच्या दस्तगीर शिकलगाराकडे गेलो. तो पाट्यांचंच काम करायचा, आणि गिऱ्हाइकानं दिलेले पैसे मोजायच्या आधी गिऱ्हाइकाचं तोंड बघायचा. माझं तोंड बघून म्हणाला, "भंगारातलं घालू."

भंगारातून एसटीच्या पाट्यातल्या दोन पट्ट्या निघाल्या. डाव्या कमानीत एक, उजव्या कमानीत एक. पण त्या दोन निरनिराळ्या बसच्या निघाल्या, एकीचा बाक जास्त, दुसरीचा कमी. जॅक काढला तर गाडी क्लीनरच्या बाजूनं वर आणि माझ्या बाजूनं खाली, जणू कुणाला डोळा मारतेय. ती तशीच चालवत मी गावात आलो. रस्ताभर मी दाराकडे घसरत होतो आणि समोरून येणारी बाईमाणसं पदर सावरून बाजूला होत होती. काठी डाव्या अंगानं गेली, उजव्या अंगाला अडकली.

पुन्हा दस्तगीर. त्यानं एकसारख्या पट्ट्या शोधायला आठवडा घालवला. त्या घातल्या तेव्हा गाडी सरळ उभी राहिली, पण इतकी कडक झाली की विचारू नका. मी तेव्हा डेअरीचं दूध वाहायचो. गावातून दूध घेऊन निघायचो आणि डेअरीत पोचेपर्यंत कॅनमध्ये लोणी तरंगायचं. डेअरीवाला बोट बुडवून बघायचा आणि मला ताकाचा भाव द्यायचा. शेवटी त्यानं सांगितलं, एक तर गाडी बदल, नाहीतर लोण्याचं लायसन काढ. आणि एवढं सगळं सोसून काठी? अडकत होती. चार बोटं.

इथं संग्राम हसायला लागला. मी त्याला म्हणालो, हसू नका, माझ्या दातांत तेव्हापासून फट आहे ती त्याच पाट्यांची.

मग दस्तगीरनं पाटे सोडून भट्टीत घातले. लाल करून ठोकले, वाकवले, तेलात विझवले. मांजर पाठ उभारते तसे ते पाटे झाले. गाडीवर चढवले तेव्हा गाडीचं नाक आकाशाकडे. काठी जवळजवळ गेली होती हो. मी त्या रात्री पिठलं-भाकरी न खाता झोपलो, उपास म्हणून. सकाळी उठून बघतो तर पाटे पोळीसारखे सपाट. गाडी पहिल्यापेक्षा खाली. पहिल्यापेक्षा!

दस्तगीरकडे गेलो, तर तो बसल्या जागेवरून म्हणाला, "तापिवल्यावर त्यातला जीव गेला."

मी म्हणालो, तापवलं तू.

"तापीव म्हणालास तू."

त्याच्या दुकानापुढं एक कुत्रं माझ्या गाडीखाली झोपायला गेलं, बघितलं, आणि दुसऱ्या गाडीखाली गेलं. कुत्र्यालाही ती बसत नव्हती.

यात्रा जवळ आली. खिसा रिकामा. डेअरीवाल्यानं दूध दुसऱ्याला दिलं. आईनं दोनदा विचारलं की तू गाडी चालवतोस की गाडी तुला. त्या दिवसांत वाटेत कुठंही थांबलो की मी उतरून काठी लावून बघायचो. ती आपोआप वाढेल किंवा कमी होईल अशी मला काय आशा होती कोण जाणे. लोक विचारायचे, काय मोजतोस? मी सांगायचो, काही नाही.

मग शॅकल. पाट्याचं मागचं टोक चासीला ज्या पट्टीनं टांगलेलं असतं ती पट्टी. दस्तगीर म्हणाला, पट्टी लांब केली की नाक वर. केली. नाक वर आलं, अगदी खरं सांगतो, वर आलं. पण स्टेअरिंग बिघडलं. उजवीकडे वळवलं की गाडी उजवीकडेच राहायची, हात लावून परत आणावी लागायची. हट्टी पोरासारखी. ब्रेकचा पाइप इतका ताणला की दस्तगीरनं बोटानं छेडला तर एकतारीसारखा वाजला. त्याच्या जागी भंगारातल्या ट्रकचा लांब पाइप शोधला. आणि लाईट लावली की रस्ता सोडून झाडांचे शेंडे उजळायचे. त्या वर्षी आमच्या भागातल्या वटवाघळांनी पार कोयनेपर्यंत स्थलांतर केलं. हे तुम्ही कुणालाही विचारा.

एवढं करून काठी लावली. वरचं टोक चेंबरला टेकलं. बोटभर. एक बोट!

मी दस्तगीरला म्हणालो, आसाच्या आणि पाट्याच्या मध्ये बाभळीचा गुटका, जाड लाकडी ठोकळा, घालू. मागच्या चाकांना लोक घालतात. दस्तगीरनं पाना खाली ठेवला.

"मागं चालतंय. फुडं न्हाई. उतारावर बिरेक दाबलास की गुटका निसटंल, आन् तू गाडीसकट वढ्यात जाशील."

मी म्हणालो, माझं मी बघतो.

"तुझं तू बघ. माझ्या हातनं न्हाई."

मी बंपरला लाथ घातली. बंपरला काही झालं नाही, माझ्या अंगठ्याचं नख गेलं. मग मी तिथंच फुटपाथवर बसून त्याला सगळं सांगितलं. म्हसोबा, केरबाची बायको, तारळ्याचा ट्रॅक्टर, काठी. तो तंबाखू मळत ऐकत राहिला. शेवटी काठी हातात घेऊन उलटीसुलटी करून म्हणाला,

"मंग काठी बोटभर कमी कर की."

मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली आणि तसाच निघालो.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी गाडी अंगणात घेतली. जे काढता येईल ते काढलं. स्टेपनी, बंपर, बॉनेट, शेजारची सीट. माझी सीटही काढली आणि रिकामा तेलाचा डबा पालथा घालून त्यावर बसलो. टाकीतलं डिझेल वाडीपर्यंत पुरेल एवढंच ठेवलं. टायरमध्ये हवा भरली ती अशी भरली की पंपवाला पळून जाऊन भिंतीआड उभा राहिला. आणि काठी लावली.

गेली. सुळकन गेली. जावईबापू, इतके दिवस छातीवर बसलेलं कुणीतरी उठून जावं तसं वाटलं. मी काठी तीन-चार वेळा आतबाहेर केली. मग आंघोळ केली, नवा सदरा घातला आणि निघालो.

चढ सगळा पहिल्या गिअरमध्ये. खडी उडत होती, डबा माझ्या खाली सरकत होता, स्टेअरिंग हातानं ओढून आणावं लागत होतं. शेवटच्या वळणाला आलो तर समोर म्हसोबा. वर दरडीवर सगळी वाडी उभी. केरबा पुढं, हाताची घडी घातलेला. मालन त्याच्या मागं. मी उतरलो नाही, थांबलो नाही. थांबलो असतो तर परत गेलो असतो. म्हसोबाला बसल्या जागेवरून हात जोडले, दोन्ही चाकांच्या मध्ये त्याला घेतलं आणि क्लच सोडला.

जावईबापू, चेंबर आणि म्हसोबा यांच्यात एक बोट राहिलं. बोटसुद्धा नाही, नख. त्याच्या डोक्यावर कुणीतरी सकाळी जास्वंदीचं फूल ठेवलेलं होतं. गाडी वरून गेली आणि ते फूल हललंसुद्धा...

"कुणाच्या डोक्यावरचं फूल?"

मालननं अजून वळून बघितलं नव्हतं. सुपातल्या मिरच्या तशाच चालू होत्या.

"म्हसोबाच्या," मी म्हणालो.

"म्हसोबा तवा रस्त्यात हुता कुठं."

संग्रामनं माझ्याकडे बघितलं. मी अंगणातल्या त्याच्या गाडीकडे बघितलं.

"त्याला दरडीच्या बुडाला बसिवला हुता आधीच," ती म्हणाली. "ह्यांनी वळणावर गाडी थांबवली. खाली उतरले. जिथं धोंडा हुता तिथली माती नवी भरलेली, ती पायानं दाबून बघितली. मग वर बघितलं. मंग ती काठी दरीत भिरकावली. मी वरनं बघत हुते. काठी शेवटपातूर अडकतच हुती, न्हाईतर फेकली नसती."

संग्राम हसला नाही. तो उंबऱ्याकडे सरकला.

"मामी, पण म्हसोबा तर कौल डावा द्यायचा ना. मग उजवा कसा दिला?"

"न्हाई दिला."

एवढं मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिला विचारलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर माझी गोष्ट संपली असती. मी समजून चाललो होतो की देवाला अखेर दया आली.

"मीच बाबाला म्हणलं, अजून एकदा लावू," ती म्हणाली. "लावला. डावंच फूल हलाय लागलं. तेवढ्यात बाबा नारळ फोडाय मागं वळला. मी उजव्या अंगाचं फुंकलं."

तिनं एक देठ काढून बाजूला टाकलं.

"आईला त्यानं तिथंच अडीवलं हुतं. त्याचं किती दिस ऐकायचं."

मग ती पहिल्यांदा वळली, माझ्याकडे बघितलं आणि सूप पुढं ओढलं.

"हं, सांगा फुडं. फूल हललंसुद्धा न्हाई, आन्?"